एफ नऊवरचं बोट

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवताना, पेपर वाचताना, बाकावर नंबर लागायची वाट बघताना, टाच जमिनीला टेकलेली आणि पंजा सारखा वरखाली. नवा माणूस विचारतो, "तुम्हाला घाई आहे का?" तो म्हणतो, "नाही हो, हवा भरतोय." आमच्या नाटक कंपनीत तो एकोणीस वर्षं पायपेटी वाजवायचा. पायानं भाता हलवायचा आणि हातानं वाजवायचं. कंपनी बंद पडली, पेटी कुठल्या कुठे गेली, भाता मात्र त्याच्या पायात राहिला.

सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी त्याची सख्खी बहीण, पण मीसुद्धा मास्तरच म्हणते.

त्याच्या वाजवण्याची एक खोड होती. मी गाणारी नटी नव्हे. गाणाऱ्या नटीची आई, मावशी, थोरली जाऊ असली कामं माझ्या वाट्याला. एका नाटकात मात्र मला चार ओळी गायच्या होत्या आणि माझा दम तेव्हाही तोकडाच. शेवटचा सूर गळ्यातून निसटायला लागला की रंगमंचाच्या डाव्या अंगाच्या खड्ड्यातून त्याची पेटी तो सूर उचलून धरायची. मी श्वास घेऊन सावरेपर्यंत त्याचं बोट पट्टीवरून उठायचं नाही. प्रेक्षक म्हणायचे, बाईंचा दम काय दांडगा आहे. मी मान लववून टाळ्या घ्यायचे, आणि खाली त्या खड्ड्यात कुणी बघायचं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे रामायण झालं ते त्याच बोटानं केलं.

कंपनी मिटल्यावर त्यानं टायपिंगची परीक्षा दिली आणि एका मोठ्या इस्पितळाच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत चिकटला. आज त्याला बावीस वर्षं झाली. काम असं: रक्ताच्या नळ्या यंत्रात जातात, यंत्र आकडे काढतं आणि ते एका पडद्यावर ओळीनं येतात. मास्तरनं एकेक ओळ डोळ्यांनी बघायची, आकडे उचलून रोग्याच्या रिपोर्टात टाकायचे आणि रिपोर्ट पुढे पाठवायचा. एका रिपोर्टाला अकरा बटणं दाबावी लागतात. आणि एखाद्या नळीतलं रक्त गोठलं असेल तर यंत्र त्या ओळीपुढे छोटा तारा दाखवतं. तारा दिसला की ती ओळ पाठवायची नाही, बाजूला ठेवायची, रक्त पुन्हा घ्यायचं. थोडक्यात, बोटं अकरा वेळा चालतात ती नुसती हमाली. खरं काम डोळ्यांचं.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं आखडायला लागली. सकाळी शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो आणि एकमेकांची दुखणी पाठ आहेत, म्हणून तो काही बोलला नाही आणि मी विचारलं नाही. त्यातच प्रयोगशाळेत दुसरं यंत्र आलं. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी, सगळ्यांना उभं करून सांगितलं की दुपारी एकच्या आत शंभर रिपोर्ट गेले पाहिजेत. मास्तरचे साठच्या वर जाईनात.

"नाही गेले तर?" मी विचारलं.

"तर खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. मला घरी बसवतील."

"तीनच वर्षं राहिलीत. घरी बस की."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला पेटी सोडून टाळ वाजव म्हटलं होतं. टेबलाखाली पाय जोरात सुरू झाला. त्या खुर्चीवर तो नुसता बसत नव्हता, हे मला कळायला हवं होतं. घरी बसलेला मास्तर मी कंपनी बंद पडल्यावर सहा महिने पाहिला होता. दिवसभर खिडकीच्या कठड्यावर बोटं चालायची, आणि आवाज काही नाही.

त्याची लेक दुसऱ्या शहरात संगणकाचं काम करते. अठ्ठावीस वर्षांची झाली तरी आमच्यासाठी ती छकुलीच. रविवारी ती आली आणि तिनं बापाचा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट वाकवून बघितली.

"बाबा, अकरा बटणं तुम्ही कशाला दाबायची? तुम्ही एक दाबा. बाकीची संगणक दाबेल."

"तो कसा दाबेल?"

"मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून देते. तो मागे गुपचूप बसून राहील. तुम्ही काही टाइप करा, काही करा, तो लक्षच देणार नाही. पण एक ठरावीक बटण दाबलंत की उठेल, आकडे उचलेल, रिपोर्टात टाकेल, पाठवेल, पुढची ओळ समोर आणेल आणि परत जाऊन बसेल."

"विंगेत उभ्या असलेल्या नटासारखा," मी म्हटलं. "रंगमंचावर काय गोंधळ चाललाय त्याचं त्याला काही नाही. त्याचं एक वाक्य आलं की आत शिरायचं."

"अगदी तसंच, आत्या."

मास्तरच्या चेहऱ्यावर मात्र संशय होता. "बटण कुठलं ठेवणार? काळी चार की पांढरी पाच?"

"बाबा, इथं सगळ्या काळ्याच आहेत."

आधी तिनं एंटरचं बटण ठेवलं. चाचणी म्हणून मास्तरनं तिच्या लॅपटॉपवर पत्राची एक ओळ टाइप करून एंटर दाबलं आणि संगणक भूत लागल्यासारखा पत्रातलंच काहीबाही उचलून पाठवायला धावला. मग छकुलीनं वरच्या रांगेतलं एफ नऊ निवडलं, कारण ते एरवी कुणी वापरत नाही. जायच्या आधी प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून मास्तरकडे दिला आणि तो कसा चालतो ते एका कागदावर मराठीत लिहून घरच्या टेबलाच्या खणात ठेवलं. "अडलं तर वाचा," म्हणाली.

मॅडमना विचारलंस का, असं मी त्याला विचारलं. "विचारलं तर नाही म्हणतील," तो म्हणाला. विषय तिथंच संपला, आणि तो संपवण्यात माझाही वाटा होता हे कबूल करते.

पहिले आठ दिवस तो एफ नऊ असं दाबायचा, जसा विंचवाला हात लावतोय. टक, आणि बोट मागे. शंभर रिपोर्ट सव्वाबाराला संपायचे. शेजारच्या काउंटरवर रक्त घेणारी आणि नळ्यांना नावाची लेबलं चिकटवणारी बाई आहे, तोंडाची फटकळ, मनानं मऊ. तिनं हातातली लेबलं खाली ठेवून विचारलं, "मास्तर, कुठल्या डॉक्टरचं औषध सुरू केलंत? मला पण सांगा, माझा नवरा फार सावकाश आहे."

एक सवय त्यानं सोडली नव्हती. प्रत्येक रिपोर्ट बघून झाला की डाव्या हातानं कागदावर पेन्सिलची रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. तालमीत गाणं किती वेळा घोटलं हे तो असंच मोजायचा. संध्याकाळी रेघांचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळवून बघायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, एकशे तीन, एकशे तीन. मी वरण ढवळता ढवळता म्हणायचे, छान.

नवव्या दिवशी दुपारी तीनला त्यानं रेघा मोजल्या. एकशे बारा. पडद्यावर होते एकशे एकोणीस.

त्यानं पुन्हा मोजल्या. मग पेन्सिलीचं टोक प्रत्येक रेघेवर टेकवत तिसऱ्यांदा. लेबलवालीनं नंतर मला सांगितलं, "ताई, मास्तरांचा पाय थांबला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, यांना काहीतरी झालं."

सात रिपोर्ट त्यानं न बघताच गेले होते. कुणाचे, कधी, कसे, काही पत्ता नाही. त्यात एखादा ताऱ्याचा असेल तर एखाद्या माणसाच्या हातात खोटे आकडे गेले होते आणि त्या आकड्यांवर डॉक्टर औषध देणार होते.

त्यानं छकुलीला फोन लावला. बंद. ती कुठल्याशा प्रशिक्षणाच्या वर्गात होती. मग मला लावला.

"ताई, खणातला कागद काढ. छकुलीचा. वाच."

चष्मा सापडेना, तो डोक्यावरच होता. कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आले, पण इतकं हळू आणि इतकं स्पष्ट कधी वाचलं नसेन.

"बटण दाबल्याचा निरोप आला की काम सुरू होतं. कामाला एक सेकंद लागतो. काम चालू असताना आलेले निरोप प्रोग्रॅम सोडून देतो. काम संपलं की पुन्हा ऐकायला लागतो."

"थांब. शेवटचं पुन्हा."

"काम संपलं की पुन्हा ऐकायला लागतो."

"आणि तेव्हा बोट अजून खालीच असलं तर?"

"मला काय विचारतोस? मी नुसती टपालवाली."

मग तो हळूच म्हणाला, "ताई, टाइप करताना क दाबून धरला की कककक अशी रांगच लागते ना. बोट खाली असेपर्यंत बटण बोंबलतच राहतं, दाबलं, दाबलं, दाबलं. मी डाव्या हातानं रेघ मारायला खाली बघतो. उजवं बोट तसंच पट्टीवर."

त्यानं पट्टी म्हटलं, बटण नाही. तेव्हा मला कळलं. आठ दिवसांची भीती सरली होती आणि बोटाला जुनी सवय परत आठवली होती. तो खाली बघून रेघ मारेपर्यंत प्रोग्रॅमला वाटायचं, मास्तर पुन्हा सांगतोय, पाठव. एक रिपोर्ट त्याच्या डोळ्यांआड निघून जायचा. तो मान वर करायचा तेव्हा समोर तिसरीच ओळ. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. कुठली गेली, कसं कळणार.

"पुढे वाच," तो म्हणाला.

"प्रत्येक खेपेची वेळ नोंद नावाच्या फाइलीत लिहिली जाते."

फोन बंद झाला. मी तो कागद हातात धरून स्वयंपाकघरात उभी. बसवेना. गॅस लावला, बंद केला. खिडकीशी गेले, परत आले. दाराची कडी काढली, लावली. कंपनीत असताना पडदा वर जायच्या आधी मी अशीच येरझारा घालायचे, पण तेव्हा निदान पुढे काय होणार ते पाठ असायचं.

पुढचं त्यानं आणि लेबलवालीनं सांगितलेलं. तिच्या सांगण्यात थोडा मसाला असतो, तो मी काढून टाकलाय.

त्यानं फाइल उघडली. नुसत्या वेळा. अकरा वाजून चार मिनिटं दहा सेकंद. अकरा वाजून चार मिनिटं अकरा सेकंद. एक ओळ बघायला त्याला कमीत कमी पंधरा सेकंद लागतात. म्हणजे जिथं दोन वेळांमध्ये सेकंदाचंच अंतर, तिथली दुसरी खेप त्याच्या बोटाची, डोळ्यांची नाही. असे सात जोड निघाले. त्या त्या वेळेचे सात रिपोर्ट त्यानं उघडले. सहा ठीक होते. सातव्यापुढे तारा.

वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातली बाई. उद्या सकाळी पोटाचं ऑपरेशन. तिच्या प्लेटलेट अडतीस हजार अशा गेल्या होत्या. रक्त गोठलं की आकडा असा खोटाच खाली येतो.

"मास्तर," लेबलवाली खालच्या आवाजात म्हणाली, "रक्त मी घेऊन येते परत. नळी सांडली म्हणून सांगू. कोण विचारतंय?"

"आणि गेलेला रिपोर्ट?"

"तो मॅडमशिवाय मागे घेता येत नाही, मला ठाऊक आहे. पण नवा गेला की जुना कोण बघतो?"

"आत्ता ज्यांनी बघितला असेल ते बघून बसलेत," तो म्हणाला आणि उठला.

मॅडम सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या. त्यानं दारातूनच सांगून टाकलं. आत जाऊन बसलो असतो तर बोललो नसतो, असं मला म्हणाला.

"मॅडम, आज सात रिपोर्ट मी न बघता गेले. एक चुकीचा आहे. ऑपरेशनच्या पेशंटचा."

"न बघता कसे जातील?"

त्यानं सांगितलं. एफ नऊ, प्रोग्रॅम, सगळं.

"हे माझ्या संगणकावर कुणी बसवलं?"

"मी."

"लिहिलं कुणी?"

"माझ्या मुलीनं. पण बोट माझं होतं."

मॅडमनी रिपोर्ट मागे घेतला, वॉर्डात फोन लावला. तो कुणी उचलेना. "जा वर," त्या म्हणाल्या. "लेबलवाल्या बाईंना घेऊन जा. रक्त घ्या. बाकीचं नंतर बघते."

लिफ्ट खाली येईना म्हणून दोघं जिन्यानं गेली. वॉर्डात ती बाई पलंगावर बॅग भरून बसली होती. तिला सांगून झालं होतं की रक्तात दोष आहे, उद्याचं ऑपरेशन होणार नाही. तीन आठवडे थांबून मिळालेली तारीख. सिस्टर बाजूला कागद भरत होती.

"बाई, बॅग ठेवा," मास्तर म्हणाला. "रक्त पुन्हा घ्यायचंय."

"परत? सकाळीच तर घेतलं."

"ते नळीत गोठलं होतं. रिपोर्ट चुकून आला. चूक माझी."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी रिपोर्ट पाठवणारा."

बाईनं हात पुढे केला आणि लेबलवाली सुई टोचत असताना ती मास्तरच्या पायाकडे बघत राहिली. तो पुन्हा सुरू झाला होता, जोरात.

"शिवणकाम करता का?"

"मी?"

"माझा पाय असाच चालतो. तीस वर्षं पायानं मशीन चालवतेय. झोपेत नवऱ्याला लाथा बसतात."

"मी पायपेटी वाजवायचो."

"मग ठीक. मला वाटलं, घाबरलात."

"घाबरलोच आहे," मास्तर म्हणाला.

पाऊण तासानं आकडा आला. दोन लाख दहा हजार. त्यानं तो चार वेळा बघितला, मॅडमना दाखवला, त्यांनी बघितला, मग त्यानं अकरा बटणं एकेक करून दाबून स्वतः पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या बाईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं, फक्त सकाळच्या पहिल्याऐवजी तिसरा नंबर लागला.

संध्याकाळी मॅडमनी तो प्रोग्रॅम काढून टाकायला लावला आणि मास्तरला सांगितलं, "उद्यापासून काउंटरला. लेबलं लावा. खुर्चीचं मी पंधरा दिवसांत ठरवते."

ते दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. आखडलेल्या बोटांना लेबलाचा मागचा कागद सुटत नाही. लेबलवाली न बोलता दहा दहा लेबलं सोलून त्याच्या टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायची. घरी आला की या खोलीतून त्या खोलीत. पंखा लाव, बंद कर. एकदा म्हणाला, "सांगितलं नसतं तर खुर्ची राहिली असती." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "नुसतं हो काय?" मी म्हटलं, "मग काय, भाषण करू?"

रविवारी छकुली आली ती पायातल्या चपला न काढताच.

"बाबा, बटण असं धरून ठेवतात का कुणी? टक करून सोडायचं."

"तू सांगितलं नाहीस."

"हे सांगावं लागत नाही कुणाला."

"मला लागतं," मास्तर म्हणाला. "मी सूर सोडत नाही, हे तुझ्या आईनं तुला सांगितलं असेल."

ती बापाच्या हाताकडे बघत राहिली. मग चपला काढल्या, लॅपटॉप उघडला. "बटण दोन निरोप देतं," ती मला म्हणाली. "दाबलं म्हणून, आणि सोडलं म्हणून. दाबलं हा निरोप बोट खाली असेपर्यंत येतच राहतो. सोडलं हा एकदाच येतो. मी चुकीचं ऐकायला लावलं होतं. लोक कसं दाबतात ते बघितलं होतं, बाबा कसं दाबतात ते नाही."

तिनं फारसं काही बदललं नाही, फक्त प्रोग्रॅमला दाबलंऐवजी सोडलं हा निरोप ऐकायला लावलं. शिवाय ताऱ्याची ओळ समोर आली तर प्रोग्रॅम हलायचाच नाही, अशी अट घातली. मास्तरनं एफ नऊवर बोट ठेवलं. पाच सेकंद, दहा सेकंद. पडदा ढिम्म. बोट उचललं, एक ओळ गेली. पुन्हा दाबलं, धरलं, उचललं. एक. अर्धा तास तो तेच करत होता. चहा निवून गेला.

सोमवारी त्यानं मॅडमना सांगितलं. त्यांनी आधी नकारच दिला. बुधवारी स्वतःच बोलावलं आणि जुन्या, रद्द झालेल्या नळ्यांची यादी पडद्यावर लावून त्याच्या खुर्चीत बसल्या. लेबलवाली काउंटर सोडून मागे उभी. मॅडमनी एफ नऊवर अंगठा दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. सेकंदकाट्यानं अर्धी फेरी केली. काही झालं नाही. अंगठा उचलला, एकच रिपोर्ट सरकला. मग ताऱ्याची ओळ आली. त्यांनी दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. ओळ जागची हलली नाही.

"एक महिना," त्या उठत म्हणाल्या. "पहिले आठ दिवस मी शेजारी बसेन. आणि त्या रेघा मारता ना तुम्ही."

मास्तर म्हणाला, "बंद करतो, मॅडम. त्यामुळंच लक्ष जातं."

"बंद केल्यात तर त्याच दिवशी खुर्ची रिकामी करा. आकडा तुमच्या पेन्सिलीनं पकडला. संगणकानं नाही."

महिना उलटून आता पाच आठवडे झाले. मॅडमनी काही म्हटलेलं नाही, मास्तरनं विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी दारातून आत येतानाच तो मला दोन आकडे सांगतो. काल एकशे आठ, एकशे आठ. मी आता छान म्हणत नाही. वरणाखालचा गॅस बारीक करते, त्याच्या खिशातला कागद मागून घेते आणि चष्मा लावून रेघा मोजायला बसते. समोर तो, आणि टेबलाखाली पाय. माझं मोजून होईपर्यंत तो थांबत नाही, आणि झाल्यावरही नाही.